टाकीखालचा अध्यक्ष

वाशीला आमच्या बिल्डिंगीमागच्या पाण्याच्या टाकीखाली रोज संध्याकाळी चर्चा भरायची. ती चालवणारा माणूस भर मे महिन्यातसुद्धा बनियनवर मफलर गुंडाळून यायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत हात वर केला की सगळे गप्प. नव्या माणसाला पहिला आठवडाभर फक्त मान हलवायची परवानगी.

मी जेमतेम दुसरी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेत नाही. तेव्हा मुंबईहून खाडीवरून वाशीला रेल्वे येणार म्हणून सगळे नाचत होते. मी म्हटलं, येणार नाही, आली तर मिशी उतरवीन! मोठी भांडाभांडी झाली.

दुसऱ्या दिवशी मफलरवाला म्हणाला, "काका, आज तुमी अध्यक्ष." तिथली एकुलती एक खुर्ची त्याने मला दिली. माझी छाती फुगली. पण अध्यक्षाने बोलायचं सगळ्यांच्या शेवटी! मी तोंड मिटून बसलो, आणि माझी पाळी येईपर्यंत मंडळी जेवायला पळाली. रोज तेच. मग कळलं, हा भांडखोरालाच अध्यक्ष करतो.

एका संध्याकाळी मी हट्टाने उभा राहिलो आणि रिकाम्या जागेपुढे भाषण ठोकलं. तो मात्र गेला नव्हता. त्याची बायको गॅलरीतून हाका मारत होती, तरी मांडी घालून त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकट्याने टाळ्या वाजवल्या.

"काका, पटलं काय नाय. पण उद्यापण तुमीच अध्यक्ष हां."

मी ऐटीत हो म्हटलं. घरी मला कुणी एवढं बोलू देत नव्हतं.