धसकटातली हिरवळ

हदगावाकडं आमच्यात एक रीत आहे. ज्वारी निघून कडबा घरी गेला की रान मोकळं. कुणीही आपली जनावरं धसकटात, मागं उरलेल्या खुंटांत, सोडावीत. सातवीत शाळा सुटल्यापासून मी तेच करत आलो, मध्ये कधी स्लॅबच्या कामावर घमेलीही उचलली. पुढं बायको-लेकरं गावी ठेवून, नांदेडला गाडी बदलून इकडं रेणापूरजवळच्या मळ्यावर गाई सांभाळायला आलो, तेव्हा ती रीतही माझ्याबरोबर आली.

मळा एका काकींचा. त्यांनी बजावलं होतं, "पाइप गळून धसकटं पुन्हा फुटलीत. ते फुटवे बाधतात. गाय तिकडं न्यायची न्हाई."

"हाव काकी," म्हणालो. आमची रानं कोरडी, धसकट कधी फुटलेलं पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, हिरवं ते हिरवं, त्याला काय होतंय?

भर दुपारी गाभण तांबडी तिकडं वळली. मी पाहिलं आणि वळवली नाही.

थोड्याच वेळात ती चरायची थांबली. पाय थरथरले आणि ती बसली, मग आडवी झाली. पळत जाऊन काकींना सांगितलं. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शेजारच्याच वस्तीवर होते. तोवर मी तिच्यापाशी बसून राहिलो. रानात इतकं शांत होतं की फक्त तिचा श्वास ऐकू यायचा. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यागत हलायल्या. भोवती भरपूर वारा, आणि त्या वाऱ्यातच ती बुडत होती. हिरड्या मात्र लालचुटुक, एखाद्या धडधाकट जनावराच्या असाव्यात तशा. मला त्या लालीचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"कडबा, साहेब."

जीभ आपोआप वळली. काकी मागंच उभ्या होत्या. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या गाडीनं मला घरी जावं लागलं असतं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त काढून उन्हात धरलं. नव्या कुंकवासारखं लाल. ते माझ्याकडं वळले. "मामा, रक्त एक सांगतंय, तुम्ही दुसरं सांगताय. माझ्याकडं औषध हाय, पण कारण दुसरं असलं तर तेच हिला मारंल. नीट आठवा."

गाईचे डोळे उघडे होते. बघत होती, पण मला बघत नव्हती.

"फुटवे," मी म्हणालो. "धसकटातले. मीच चरू दिली."

त्यांनी लगेच शिरेत सुई घातली. औषध हळूहळू सोडायचं होतं. काकींची लेक लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. सुट्टीला आलेली, ती गाईचं डोकं धरून बसली होती. मी तिला विचारलं, "ताई, श्वास तर चालू हाय. मग मरतीय कशानं?"

"मामा, तुम्ही स्लॅबवर काम केलंय ना? घमेलं हातोहात जातं, तसे प्रत्येक पेशीत इलेक्ट्रॉन नावाचे कण एकाकडून दुसऱ्याकडं जातात. त्या देण्याघेण्यावरच अंगाची ताकद बनते. रांगेच्या टोकाला घ्यायला ऑक्सिजन उभा असतो. फुटव्यातल्या विषानं त्याला घमेलं देणाऱ्या शेवटच्या माणसाचे हातच धरलेत."

"मग?"

"मग सगळी रांग जागच्या जागी थांबली. ऑक्सिजन रक्तात तसाच फिरतोय, कुणी त्याच्या हातात काही देईना. म्हणून रक्त इतकं लाल."

"पेपरात असं लिहू नको गं, घमेल्याला मार्क न्हाईत," डॉक्टर सुईवरची नजर न हलवता म्हणाले.

मला हसू आलं नाही. त्या अंगात कणाकणात भरली घमेली धरून मुकी माणसं उभी दिसायला लागली. मग वाटलं, अशाच रांगा माझ्याही आत आहेत. या वयापर्यंत एका हातानंही घमेलं खाली ठेवलेलं नाही, आणि मला त्यांची कधी चाहूल नाही. मी श्वास रोखून ऐकत राहिलो.

दुसरी सुई संपली. बऱ्याच वेळानं तांबडीचा कान हलला. मग पुढचे पाय मुडपून ती उठली, डगमगली, उभी राहिली.

मी काकींच्या पायाशी वाकलो. "काकी, आधी खोटं बोललो. गावाकडं धसकटात सोडतात, तसंच सोडलं तिला."

"मी काय बहिरी हाय? ऐकलंय की मी." त्यांनी दावं माझ्या हातात दिलं. "ने तिला सावलीत. आणि उद्या गावाकडं फोन करून सांग, हिरव्या धसकटात जनावर सोडू नका म्हणावं."