धुराच्या भोवऱ्यातली आई

देव कुठे, कधी आणि कोणत्या रूपानं प्रकट होईल हे माणसाच्या बुद्धीला कळत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या जिनिंगमध्ये प्रकटलेल्या देवीबाबत मात्र सगळंच नेमकं सांगता येतं. ती खांडेनवमीच्या सकाळी, बॉयलरच्या धुराच्या वाटेवर, एका लोखंडी झाकणावर प्रकटली. आणि तिथेच प्रकटली, कारण मुनीमजींचा हात तेवढाच वर पोहोचत होता.

लढाईची वर्षं होती. सेलूच्या स्टेशनामागच्या त्या जिनिंगमध्ये मी काट्यावर कारकून होतो. वालूर-बोरीकडून कापसाच्या गाड्या येत, त्या तोलून घेणं माझं काम. कोळसा आणणाऱ्या रेल्वेच्या वाघिणी लढाईच्या कामाला लागल्यामुळे आमच्या बॉयलरला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, खाऊ घालायला सुरुवात झाली होती. पऱ्हाटी भडाभडा जळते आणि जळता जळता उडते. चिमणीतून धुराबरोबर राख निघे आणि राखेबरोबर ठिणग्या. खाली कापसाचे ढीग. एवढं असून जिनिंग उभी होती, याचं श्रेय ज्याचा तो आपापल्या देवाला देई.

थंडीत आमच्याकडे वारा पूर्वेचा. जिनिंगच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून एका धनगरणीचा वाडा होता. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत मेंढ्या, वर गवताचं छप्पर. तिचा नवरा कळप घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं चरायला जायचा आणि गाभण मेंढ्या तिच्याजवळ ठेवून जायचा. आदल्या मोसमात ठिणगी पडून तिचं छप्पर जळलं, मेंढ्या होरपळल्या. त्यावर जिनिंगमध्ये हळहळ व्यक्त झाली. पुढे तशीच एक ठिणगी दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारसाहेबांच्या शेरवानीवर पडली, आणि यंत्र आलं.

मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून शेठजींनी ते जुनं आणवलं होतं. दिसायला साधं: वर पत्र्याचं उंच नळकांडं, खाली ते निमुळतं होत गेलेलं, आणि निमुळत्या टोकाला लोखंडी पायांवर उभी राखेची कोठी. बॉयलरचा धूर एका पंख्यानं ओढून नळकांड्यात बाजूनं सोडायचा. तो आत भोवऱ्यासारखा गरगर फिरे. जड राख आणि ठिणग्या कडेला आपटून खाली कोठीत घसरत, आणि हलका झालेला धूर वरून चिमणीत जाई. कोठीला माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर एक गोल झाकण होतं. रोज इंजिन थांबलं की ते उघडायचं आणि गजानं राख ओढून काढायची. यंत्राचं सगळं शास्त्र एवढंच. लोक त्याला भोवरा म्हणत.

उद्घाटनाला शामियाना लागला. तहसीलदारसाहेब नव्या शेरवानीत आले. अत्तर झालं, पान झालं, आणि साहेब म्हणाले, "आज से इस क़स्बे का धुआँ भी तहज़ीब सीखेगा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धूर त्या दिवशी नव्हताच; मोसम दिवाळीनंतर सुरू व्हायचा होता.

मग खांडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. सरकी काढणाऱ्या चरक्यांना, इंजिनाला, काट्यालासुद्धा हळदकुंकू लागतं. नव्या यंत्राला हळदकुंकू कमी वाटलं म्हणून मुनीमजींनी शेंदूर, तेल आणि मेण कालवून झाकणावर थापलं. झाकण गोल, मधोमध धरायची कडी नाकासारखी. लिंपून झाल्यावर तो चेहरा झाला. शेठाणीबाईंनी घरचे चांदीचे डोळे दिले, ते मुनीमजींनी दाबून बसवले. त्यांनी हात जोडले, मागोमाग सगळ्यांनी जोडले, आणि काम झालं. शेंदूर लागलेल्या गोल वस्तूचं पुढे काय होतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मोसम सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी बॉयलर पेटता ठेवणारा आगवाला गज घेऊन कोठीपाशी गेला आणि गज घेऊनच परत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आईच्या तोंडात गज कसा घालू, साहेब?"

राख काढली नाही तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. आगवाल्याला ठाऊक होतं, मुनीमजींना ठाऊक होतं, मलाही होतं. अडचण अज्ञानाची नव्हती. बसवलेली देवी तिच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही, आणि परवानगी घ्यायची रीत ठरलेली आहे: कौल. देवीच्या दोन्ही गालांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुनीमजींनी कौल लावला. डावी पडली. दुसऱ्या दिवशी लावला, डावी पडली. रोज डावीच.

पंख्याचा पट्टा डाव्या अंगाला होता आणि इंजिन चालू असताना ती बाजू थरथरत असे. मी हे मुनीमजींना सांगितलं. "तुम्ही शिकलेले आहात," ते शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या बोलण्यानं पाकळी पडत नाही." इंजिन थांबवून कौल लावा म्हटलं, तर म्हणाले, आई जागी असतानाच विचारायचं असतं.

कोठी भरत गेली तसा भोवऱ्याचा आवाज बदलला. आधी तो घुमत असे. मार्गशीर्ष लागेपर्यंत तो हुंदक्यावर आला. तोंडावर पदर दाबून एखादी बाई रडते, तसा. दुपारी जेवणासाठी पट्टा उतरवत, पंखा थांबे, आणि तरी तो हुंदका थांबत नसे. चिमणीच्या ओढीनं आत हवा शिरत असणार. कारण मला सांगता येत होतं, पण त्यानं भाकर घशाखाली उतरत नव्हती. कापूस निवडणाऱ्या बाया अंगणात जेवायच्या बंद झाल्या. आवाज "ये, ये" असं म्हणतो यावर त्यांचं एकमत होतं. कुणाला म्हणतो यावर नव्हतं. आगवाल्याला त्यात त्याच्या वारलेल्या बायकोचा आवाज ऐकू येई. "जिती होती तवा ऐकलं न्हाई तिचं," एक म्हातारी म्हणाली, "आता ऐक म्हणावं." तो हसला नाही. जिनिंगची कुत्री फाटकाबाहेर बसू लागली.

आणि डोळे सरकू लागले.

झाकणामागे धगधगती राख साचली होती; लोखंड तापून मेण मऊ होत होतं. डावा डोळा रोज थोडा खाली यायचा. आधी देवी समोर इंजिनाकडे बघायची. नंतर काट्याकडे बघू लागली, म्हणजे माझ्याकडे. मेण किती उष्णतेला मऊ होतं हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी माझी खुर्ची खांबाआड सरकवली. चार-आठ दिवसांत डोळ्यानं खुर्ची गाठली. पुढे तो आणखी घसरला आणि पश्चिमेच्या भिंतीकडे वळला.

"आईची नजर फिरायलीय," बाया म्हणू लागल्या, आणि भिंतीपलीकडच्या धनगरणीकडे बघायचं टाळू लागल्या.

चिमणीतून पुन्हा ठिणग्या निघत होत्या. भरलेल्या कोठीतली राख भोवरा उचलून वर फेकत होता. धनगरीण रोज फाटकातून येऊन मुनीमजींसमोर उभी राही.

"दादा, ती कोठी उघडा की. माझ्या मेंढ्या गाभण हायेत. ठिणग्या यायल्यात."

"माझ्या हातात काय हाय, बाई? आई हो म्हणाली पायजे."

"आईला इचारता, जरा मला बी इचारा. छप्पर माझं हाय."

"मग तूच लाव कौल."

तिनं लावला. डावी पाकळी पडली. झाकणाकडे बघत ती देवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला लेकरंबाळं न्हाईत वाटतं."

मुनीमजींनी कानांना हात लावले. ती आगवाल्याकडे वळली. "तू तरी उघड की रं. तुझ्या आईच्या तोंडात घास घालतोस का न्हाई? तसा घाल गज."

"घास घालायचा न्हाई, मावशी," आगवाला म्हणाला, "काढायचा हाय."

दुसरीकडे वाडा हलव, असं मी तिला सुचवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सुचवलं नाही. माळावर लांडगे होते, आणि मेंढ्या दिवस भरत आलेल्या.

मग एका दुपारी मी एका गाडीचं वजन घेत होतो आणि हुंदका थांबला. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, पंखा फिरत होता, आणि आवाज नव्हता. इतके दिवस ज्यांना तो नकोसा झाला होता ते सगळे हातातलं काम थांबवून वर बघू लागले. गाडीच्या बैलांनी कान टवकारले. कुणीतरी "आई" म्हणालं, तेही अर्धंच.

मग चिमणीतून राखेचा लोट बाहेर पडला. भर उन्हात ठिणग्या लाल दिसत नाहीत. काळे कण दिसतात, कडेनं जिवंत. पाखरांचा थवा वळावा तसा तो सगळा लोट पश्चिमेला वळला आणि भिंतीपलीकडे सावकाश उतरला.

आम्ही पोचेपर्यंत छप्पर पेटलं होतं. धनगरीण वर चढून ओल्या घोंगडीनं आग झोडपत होती. बायांनी पाणी पोचवलं, आम्ही मेंढ्या मागच्या पायांना धरून ओढून काढल्या. अर्धं छप्पर गेलं. एक मेंढी धुरात गुदमरून गेली, पोटातल्यासकट. बाकीच्या कुंपणापाशी थरथरत उभ्या होत्या, आणि कुणी ओरडत नव्हती. मेंढ्यांना एवढं गप्प मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

धनगरीण खाली उतरली. तिच्या भुवया जळल्या होत्या. तिनं एक घागर पाण्यानं भरून घेतली, आणि आग विझलेली असताना ती घेऊन फाटकातून जिनिंगमध्ये चालत गेली. आम्ही मागे गेलो. कुणी अडवलं नाही.

कोठीसमोर ती थांबली. देवीचा एक डोळा कपाळाशी होता, दुसरा हनुवटीशी ओघळलेला. मधला शेंदूर तकतकत होता, घाम आल्यासारखा.

"बघ की!" ती म्हणाली. "आता बघ ना! का खाली घातलीस मान?"

आणि सगळी घागर तिनं त्या तोंडावर फेकली.

लोखंड किंचाळलं. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. तापल्या तव्यावर पाणी पडलं की तो चरचरतो हे मी हजारदा ऐकलं आहे. ते हे नव्हतं. वाफेत ती बाई दिसेनाशी झाली. वाफ विरली तेव्हा ती तिथेच उभी होती, पण समोर चेहरा नव्हता. गंजकं झाकण होतं आणि मधोमध कडी. शेंदराची खोळ तडकून अख्खी निघाली होती आणि चिखलात पालथी पडली होती.

आता सगळे मुनीमजींच्या तोंडाकडे बघत होते. ते विटंबना म्हणाले असते, तर त्या भिंतीशी तिला पुन्हा जागा मिळाली नसती, आणि त्या दिवसांत तिथून निघाली असती तर मेंढ्या वाटेतच पडल्या असत्या. तिलाही ते कळलं असावं. रिकामी घागर तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मुनीमजींनी तिच्याकडे पाहिलं. मग चिमणीकडे पाहिलं. मग कापसाच्या ढिगांकडे, आणि तिथून वाऱ्याच्या दिशेकडे. वारा अजून पूर्वेचा होता, पण उद्याची खात्री कोण देणार?

त्यांनी हात जोडले.

"आईला अंघोळ पायजे होती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाईच्या हातून घेतली. खोळ सोडली. आता आई हितं न्हाई."

देवानं खोळ सोडली की ती नदीला द्यायची, ही रीत. हलगी आली, गुलाल आला, शेठाणीबाईंचे डोळे धुऊन परत गेले, आणि खोळ वाजतगाजत दुधनेच्या डोहात सोडली गेली. इकडे आगवाल्यानं झाकण उघडलं. आतून राख बाहेर घसरली, वर करडी आणि पोटात लालभडक. आणि रिकाम्या होत जाणाऱ्या कोठीतून एक लांब उसासा आला. आगवाला गज टाकून बाजूला झाला. थोड्या वेळानं त्यानं तो पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवसापासून भोवरा नुसता घुमू लागला. बाया मात्र त्या मोसमात अंगणात जेवायला बसल्या नाहीत.

धनगरणीचं छप्पर जिनिंगच्या माणसांनी शाकारून दिलं. मेंढ्या एकेक करून व्यायल्या. तोवर गोष्ट बोरीपर्यंत पोचली होती. आई म्हणे धनगरणीच्या स्वप्नात आली होती. तिनं निर्जळी उपास धरला होता. पाणी गंगाखेडहून आणलेलं, गंगेचं होतं. गाड्या घेऊन आलेले लोक वजन झालं की भिंतीला वळसा घालून तिच्या पाया पडायला जाऊ लागले. ती पाय आखडून घ्यायची.

एकदा मीही गेलो. पाया पडायला नव्हे, विचारायला. ती एका कोकराला आचळाशी धरून बसली होती.

"स्वप्नात काय सांगितलं आईनं?"

"सपान कुठलं?" ती म्हणाली. "झोप लागत होती व्हय त्या रडण्यानं?"

"आणि गंगेचं पाणी?"

तिनं मानेनंच कुंपणाजवळची दगडी डोणी दाखवली. मेंढ्यांचं उष्टं पाणी होतं. विहीर लांब पडली असती.