बॅनर लावलेली गाडी

शब्द मी मोडला. हे आधी लिहितो, कारण पुढं माझा अपमान येईल आणि वाचणाऱ्याला माझी कीव येईल. ती नको.

ऑफिसात चहा चालला होता. आमचा प्रकल्प आत्महत्या रोखण्यावरच्या संशोधनाचा. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेली माणसं दवाखान्यातून घरी गेली की महिन्यातून एकदा त्यांच्याकडं जायचं. बसायचं. कसं चाललंय, विचारायचं. कुणीतरी असं येत राहिलं तर माणूस पुन्हा त्या टोकाला जायचा थांबतो का, हे सरांना शोधायचं होतं. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, मोठे डॉक्टर. मी गावोगाव फिरणारा कार्यकर्ता.

दुसऱ्या दिवशी पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येणार होते. सर त्यांना करमाडच्या एका घरी नेणार होते. मी म्हणालो, "सर, गाडीवरचा प्रकल्पाचा बॅनर उद्यापुरता काढू या. घरच्यांची अडचण होते."

सर हसले. "अरे, तुला लपवायची सवयच आहे. आडनाव बदलून खोली घेतलीस ना सिडकोत? घरमालकाचा चौकशीचा फोन मीच घेतला होता. सांभाळून घेतलं तुला. पण सगळ्यांनाच तुमच्यासारखं तोंड लपवावं लागत नाही."

मग बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "आपण कलंक पुसायला निघालोय. झाकायला नाही."

एकजण हसला. माझ्या हातात बिस्कीट होतं. खावं की खाली ठेवावं, कळेना. आमच्या आडनावावरून आमची जात कळते. त्या आडनावावर मला चार ठिकाणी खोली नाकारली होती. पाचव्या ठिकाणी मी गावाचं नाव लावून आडनाव सांगितलं. सरांना ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेही सगळ्यांसमोर.

मी बिस्कीट खाल्लं.

करमाडला नसीम राहायची. विशीतली. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. भाऊ शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला. ती दवाखान्यातून परतल्यापासून मी दर महिन्याला काळी-पिवळी जीपनं तिच्याकडं जात होतो. तिची अम्मी शेजारी बसायची. गल्लीला अम्मीनं सांगून ठेवलं होतं, हे शिलाई मशीनच्या स्कीमवाले साहेब आहेत. गल्लीनं मानलं होतं.

पहिल्यांदा नसीम बोललीच नाही. पुढच्या खेपेला थोडं बोलली. नंतर नंतर मी दारात दिसलो की म्हणायची, "आले का स्कीमवाले? मशीन कधी देताय, सर?" अम्मी तोंडाला पदर लावून हसायची. "चूप बैठ गे. सच्ची माँगेंगे लोगां, तो कहाँ से लाएंगे ये?"

एकदा नसीम म्हणाली, "सगळे विचारतात, का केलंस. तुम्ही एकटे विचारता, कशी आहेस."

आम्ही गावोगाव फिरून जे शोधत होतो, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्याच दिवशी तिनं आणखी एक सांगितलं. "या तुम्ही. पण ती बॅनरवाली गाडी घेऊन नका येऊ. दवाखान्याच्या गेटवर बघितली मी. ती आली का इथं सगळं संपलं."

मी म्हणालो, "नाही आणणार."

पाहुणे आले. सर आणि पाहुणे मागच्या कारमध्ये. रस्ता मला माहीत, म्हणून मी पुढं, प्रकल्पाच्या जीपमध्ये. जीपच्या दोन्ही अंगाला बॅनर. लाल अक्षरं, हातभर उंच. आत्महत्या प्रतिबंध संशोधन प्रकल्प.

शेंद्र्याजवळ डिझेलला थांबलो. मागची कार अजून दिसत नव्हती. आमचे ड्रायव्हर रफिकभाई खाली उतरले. बॅनरच्या दोरीला हात लावून म्हणाले, "सर, निकाल देतूं क्या? पूछे तो बोलेंगे, हवा में उड़ गया. मेरे पे डाल दो."

एक हिसका पुरला असता.

मला सरांचा चेहरा दिसला. लपवायची सवय. तुमच्यासारखं. पाहुण्यांसमोर ते पुन्हा म्हणतील, असं वाटलं. मी म्हणालो, "राहू द्या."

रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. गाडीत बसले.

गल्ली अरुंद. जीप दारासमोर उभी राहिली, तेव्हा बॅनर समोरच्या पानटपरीकडं तोंड करून होता. टपरीवरच्या एकानं तो मोठ्यानं वाचला. वाचता न येणाऱ्यांसाठी पुन्हा वाचला. शेजारची बाई ओट्यावर आली. "काय ओ भाभी, मशीनची स्कीम म्हणत व्हत्या नव्हं तुम्ही?"

अम्मी आत वळली. नसीम दारात आली. सरांकडं नाही, पाहुण्यांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला बोलले होते मी." एवढं म्हणून आत गेली.

सर ओट्यावर उभं राहून पाहुण्यांना इंग्रजीत तिची केस सांगत होते. आतून पाणी आलं. पाहुणे प्यायले. मीही प्यायलो.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं. फॉलला येणाऱ्या साड्या कमी झाल्या, मग बंद. कारखान्यात भावाला कुणीतरी विचारलं, बहीण आता ठीक आहे ना. विचारणारा हसत होता. भावानं तिला सिल्लोडला मामाकडं पाठवून दिलं. पुढच्या महिन्यात मी गेलो, तर अम्मी दार अर्धं लावून आतून बोलली. "आता नका येऊ, साहब. तुम्ही चांगले आहात. पण नका येऊ."

चांगले. तो शब्द मला अजून सहन होत नाही.

मला काहीच करता येईना. टपरीवर जाऊन काय सांगणार होतो? वाचलेलं न वाचलेलं कसं करणार? रात्री झोप लागेना. तिला पुन्हा तसलं काही वाटलं तर आता तिला कोण विचारणार, कशी आहेस म्हणून? मामाला ठाऊक होतं की नाही, तेही मला माहीत नव्हतं.

महिन्याची बैठक झाली. सरांनी विचारलं, "करमाडची ती मुलगी?"

"सिल्लोडला गेली."

"ठीक. गाव सोडलं, संपर्क तुटला. पुढं."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो, माहीत नाही. बसूनही बोलता आलं असतं.

"तुटला नाही, सर. तोडला. तुम्ही आणि मी."

"भावनिक होऊ नकोस. एका केसनं अभ्यास थांबत नाही."

"तिला नाव आहे. आणि त्या बॅनरच्या गाडीत मी यापुढं बसणार नाही."

"पुन्हा तेच? लपवायचं?"

"होय. लपवायचं. उघडं झालं की काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, सर. तुम्हाला खोली कुणी नाकारलेली नाही."

कुणी हसलं नाही. सगळे कपाकडं बघत होते. सर म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नकोस."

गेलो नाही. त्याच संध्याकाळी घरमालकाला खरं आडनाव सांगितलं. महिनाअखेर खोली गेली. मी हे शौर्य म्हणून सांगत नाही. दोन्हीला उशीर झाला होता. गाडीवर बॅनर तसाच राहिला. जालना रोडवर ती गाडी पुढंही कितीदा दिसली. कुणाच्या दाराकडं निघाली असेल, या विचारानं मी तिथंच उभा राहायचो.

तो अभ्यास वाईट नव्हता. माणसाकडं जात राहावं, विचारत राहावं, हे मी आजही मानतो. दुसऱ्या संस्थेत तेच काम करतो. दारातल्या माणसाला आधी विचारतो, मी कसा येऊ, कोण म्हणून येऊ. विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. वरून कुणी काहीही सांगो.

नसीमकडं जायला मला दोन वर्षं लागली. आधी अम्मीला विचारलं. तिनं निरोप आणला. "वो बोली, आओ. पर बैठना नहीं."

सिल्लोडला मामाच्या दारात ती उभी होती. गळ्यात टेप, हातात दोरा. जिवंत. त्यात माझा काही वाटा नाही.

"विचारायचं होतं एक," ती म्हणाली. "गाडीत एक बी माणूस नव्हता का, बॅनर काढ म्हणणारा?"

खोटं बोलायला जागा होती. सरांचं नाव घेता आलं असतं.

मी म्हणालो, "होता. ड्रायव्हर काढतो म्हणाले होते. मीच राहू द्या म्हणालो. सरांनी माझी जात सगळ्यांसमोर काढली होती. पुन्हा काढतील म्हणून मी भ्यालो. स्वतःची अब्रू वाचवायला मी तुमची गल्लीत मांडली. तुम्ही आधी सांगितलं होतं, मी हो म्हणालो होतो, तरीही. चूक माझी आहे. मी माफी मागतो. तुम्ही ती द्यायलाच पाहिजे, असं नाही."