फाटक बंद होतं, चूक बायकोची

मंडळी, सकाळचीच गोष्ट आहे. लिहिल्याशिवाय आज जेवण जाणार नाही.

मुर्रीकडून गोंदियाला जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मी स्कूटी थांबवली. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे तुम्हाला. नवरा बाइक धरून उभा राहतो, बायको दांड्याखालून पुढे जाते, रूळ बघते आणि त्याला बोलावते.

पलीकडच्या रुळावरून मालगाडी जाताच माझ्या शेजारच्या माणसानंही बायकोला उतरवलं. "जाऊन पाय वं, गाडी येते का." ती रूळ ओलांडून पलीकडे गेली, इकडे-तिकडे पाहिलं आणि हाक मारली, "या जी, काही नाही."

तो बाइक तिरपी करून दांड्याखालून घुसला. पुढचं चाक अलीकडच्या रुळावर गेलं, तेवढ्यात त्या निघून चाललेल्या मालगाडीच्या आडून एक्सप्रेस आली. बाइक सोडून तो मागे पडला. बाइकचा चेंदामेंदा झाला.

डब्यांच्या खडखडाटातही पलीकडून तिचं ओरडणं ऐकू येत होतं. नवरा वाचला की गेला, तिला दिसत नव्हतं.

गाडी गेली. तो उठला आणि पहिलं काय बोलला?

"आंधळी हायेस काय वं? तुले गाडी नाही दिसली?"

ती रुळाकाठी मटकन बसली. आणि गर्दीतले लोक म्हणतात, "बाईनंच नीट पाहायला पाहिजे होतं."

तिला गाडी दिसली नाही, मान्य. त्याला बंद फाटक दिसत नव्हतं का?