डोळ्यांनी शिकलेले शब्द

सातवीला विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. शाळेत बी.एस्सी. झालेली मी एकटीच. मी हो म्हणून बसले. इंग्रजी बोलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

लोहाऱ्याच्या स्टँडवरच्या टपरीत इंग्रजी पेपरच्या दोनच प्रती यायच्या. त्यातली एक मी लावून घेतली. शाळेच्या गावाला जाणारी जीप भरेपर्यंत एक बातमी वाचायची, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची आणि फोनवर अर्थ बघून वहीत लिहायचा. जीपमधले एक काका विचारायचे, "मॅडम, परीक्षा देताय का काय?" मी नुसती हसायचे. त्यांना काय सांगणार, की उद्याच्या धड्यात शब्द अडला तर काय, या धास्तीनं वाचतेय म्हणून.

दिवाळीपर्यंत वही भरत आली. वहीतले शब्द मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं माझ्यामागं मोठ्यानं म्हणायची.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"मॅडम, रागावणार न्हाय ना?"

"नाही. बोल."

"पुण्याची मावसबहीण आलीय आमच्याकडं. मी वाचत होते तर ती लई हसली. ती म्हणती, स्टमॅच न्हाय, स्टमक असतंय."

"बघते मी," एवढंच बोलले. कान तापले होते. शाळेमागं पाण्याच्या टाकीजवळ गेले आणि फोनवर शब्दाशेजारचं स्पीकरचं चिन्ह पहिल्यांदाच दाबलं. स्टमक. मग वहीतला दुसरा शब्द. मी शिकवलं होतं ड्रॉट, फोन म्हणाला ड्राउट. लहानपणी टँकरमागं कळशी घेऊन पळालेली मी, आणि दुष्काळाचाच शब्द मला नीट म्हणता येत नव्हता. पहिल्या दोन पानांतच चौदा शब्द चुकीचे निघाले. वही तर अजून केवढी होती! आणि गुरुवारी केंद्रप्रमुख मुलांचं इंग्रजी वाचन ऐकायला येणार होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप बस. इथं कुणाला कळतंय?"

त्याचंच तर भय वाटत होतं. गावात कुणाला कळणार नव्हतं. कळणार होतं ते पुढं कॉलेजात, तेही माझ्या मुलांना हसल्यावर.

दुसऱ्या दिवशी ते चौदा शब्द फळ्यावर लिहिले. "हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," मी म्हणाले. "मी शब्द वाचून शिकले, ऐकून नाही." मग आम्ही एकेक शब्द पुन्हा म्हटला. अर्धी मुलं तरीही स्टमॅचच म्हणत होती.

गुरुवारी ती मुलगी छान वाचून गेली. तिच्यानंतरचा विद्यार्थी मात्र 'मस्कल' म्हणाला. तो शब्द वहीत मागं होता, तिथवर मी पोचलेच नव्हते.

साहेबांनी हात वर केला. "मसल. हे कुणी शिकवलं?"

मुलं माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, मला सांभाळून घेत होती. मी उभी राहिले. "मी, सर. पेपर वाचून शिकले. ऐकायचं सुचलंच नाही."

"रोज वाचता?"

"हो, सर."

"मग मोठ्यानं वाचत जा."

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी शेरेबुक पुढं केलं. एकच ओळ होती : उच्चारांकडे लक्ष द्यावे.

वर्ग माझ्याकडंच राहिला. आता नवा शब्द आला की मी फोन टेबलावर ठेवते आणि मुलं पुढं गोळा होतात. आधी सगळे ऐकतो, मग म्हणतो. तरी माझा आवाज पहिल्यांदा दबकाच निघतो, आणि मुलं माझ्या तोंडाकडं टक लावून बघत असतात.