गोठलेल्या मोदकांची वाफ

विमानतळाच्या मालगोदामात आमच्या बचत गटाचा पहिलावहिला खोका तपासणीसाठी उघडला, आणि गोठलेल्या मोदकांवरून पांढरी वाफ उठली. अगदी मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखी. चटका बसेल म्हणून मी चक्क हात मागे घेतला.

"चाखून बघितलेत ना?" तपासनिसांनी सहज विचारलं.

"नैवेद्याचे आहेत. कसे चाखणार?" माझ्यासोबत आलेल्या गटातल्या सुलभाताई म्हणाल्या.

ते हसले. मी मात्र धास्तावले. एवढे मोदक समुद्रापार निघालेले आणि गूळ निव्वळ अंदाजाने घातलेला. मग वाटलं, तिकडे कुणीतरी आपल्या हाताच्या अंदाजावर विसंबून देवापुढे ताट वाढणार आहे. या विचाराने इतकी हरखले, की बाहेर आल्यावर डोक्यावरून गेलेल्या पहिल्याच विमानाला हात केला. ते आमचं होतं की नाही, कोण जाणे.

चतुर्थीला टोरांटोहून सुलभाताईंच्या भाचीचा फोन आला. मोदक उकडले होते, आरती झाली होती. आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा झालो.

"मावशी," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "तूही आईसारखाच गूळ कमी घालतेस."