झुरळाचं घर

आमच्या माडीवरच्या खोलीत राहणारा तो लातूरकडचा मुलगा चहावरची साय बोटाने काढायचा आणि कपाच्या कानाला पुसून ठेवायचा. कप दोन-तीन दिवसांनी खाली यायचा आणि कान धरला की बोट चिकटायचं. अजूनही कोणाकडे चहाला गेले, की मी कपाचा कान आधी पदराने पुसते. लोकांना वाटतं, हिला सोवळं फार.

त्याचं नाव चांगलं होतं, देवाचं होतं, पण सगळे त्याला झुरळेसाहेब म्हणत. ते आडनाव माझ्या नवऱ्याने दिलं. तेव्हा आमच्या नेरे गावात हिंजवडीच्या कंपन्यांमधली मुलं खोल्या शोधत फिरायची, म्हणून आम्हीही गोठा काढून त्या जागी माडी चढवली होती. वर खोल्या, खाली आम्ही, आणि वरच्या मुलांचे डबे माझ्याकडे. बाकीची मुलं सकाळी गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा अडकवून जायची. हा दुपारपर्यंत लुंगीवर असायचा. मोबाईलवर खेळायचे गेम असतात, त्यांतली चित्रं कशी दिसतील हे ठरवायचं त्याचं काम होतं, आणि ते तो खोलीतच बसून करायचा. एकदा माझा नवरा पाण्याची टाकी बघायला वर गेला आणि तोंड वाकडं करून खाली आला. म्हणाला, "तुझा भाडेकरू झुरळं पाळतोय."

खरंच पाळत होता. खिडकीत कॉफीची बरणी, झाकणाला भोकं, आत झुरळं. त्यांना तो बिस्किटाचा चुरा घालायचा आणि पोटावर पालथा पडून त्यांचे पाय बघत राहायचा. गेममध्ये झुरळ होतं. ते चपलेखाली न सापडता स्वयंपाकघर ओलांडणार, वाटेत सांडलेलं खाणार, एवढाच खेळ. पण झुरळ चालताना कुठला पाय आधी टाकतं ते कळल्याशिवाय चित्र काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मी आयुष्यभर झुरळ दिसलं की झाडू उचलत आले. ज्या घरात मी दर शनिवारी डबे उन्हात टाकते, त्याच घराच्या डोक्यावर हा माणूस त्यांना बिस्किटं चारत होता.

त्या मोबाईलचा पडदा काडेपेटीएवढा. चित्र काढायचं म्हणजे रेघ ओढायची नाही, बारीक चौकोन भरायचे. तो आधी गणिताच्या चौकटीच्या कागदावर भरायचा, मग कॉम्प्युटरवर. आणि ते कागद भिंतीला चिकटवायला डिंक वापरेल तर तो झुरळेसाहेब कसला. डब्यातल्या भाताची शितं बोटाने चुरडून तो कागदाच्या चारी कोपऱ्यांना लावायचा. आमचा इंद्रायणी मुळातच चिकट. कागद पक्के बसायचे आणि मुंग्यांची रांग जमिनीपासून छतापर्यंत लागायची. मी शिजवलेला भात, त्याने नाक पुसलेल्या हाताने भिंतीला फासलेला. मला त्या दिवसांत जेवताना भाताकडे बघवत नसे.

कागदावरचं चित्र बरोबर जमलं का, हे ठरवायची त्याची एक रीत होती. कागद जिन्याच्या कठड्याला लटकवायचा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, काय दिसतंय. "लांबून ओळखू आलं पाहिजे," हे त्याचं वाक्य दिवसातून कितीदा कानावर यायचं. अंगणात त्या वेळी बहुतेक मीच असायची, भांडी घासत. मी परक्या पुरुषाशी बोलत नसे. मग तो माझ्या नवऱ्याला विचारायचा, नवरा मला, मी हळूच सांगायची, आणि नवरा वर बघून ओरडायचा, "ही म्हणती, खजूर हाय."

तो रागवायचा नाही. मिशा अजून वर पाहिजेत, असं पुटपुटत आत जायचा. पाय जास्त दाखवले तेव्हा मी फणी म्हणाले. त्याने पाय कमी केले. शेवटी त्याने दोनच चित्रं ठेवली, एकात पाय पुढे, एकात मागे, आणि दोन्ही कागद आलटून पालटून धरले. मी हातातली राख टाकून चार पावलं मागे सरले. तो वरून हसला. दात पिवळे, त्यांत कालची भाजी. पण हेही लिहिलं पाहिजे की माझ्या म्हणण्यावरून कोणी हातातलं काम बदललं, असं त्या घरात आधी कधी घडलं नव्हतं. घरात मला विचारायचे ते मीठ संपलं का एवढंच.

रंगांचं तर विचारूच नका. त्या फोनला फार रंग चालत नसत, मोजके निवडून ठेवावे लागत. झुरळासाठी तपकिरी हवा, तो कुठला, यावर त्याचे बरेच दिवस गेले. गुळाचा खडा आण, तपकीर आण, गंजलेला खिळा आण, चहाचा चोथा आण. सगळं बशीत मांडून ठेवायचा आणि तिथेच विसरायचा. चोथ्याला बुरशी आली, तर तिचाही रंग त्याला आवडला. त्याने तो भिंतीच्या ओलीसाठी घेतला. माझ्या नवऱ्याला सांगत होता, "काका, किळस आली पाहिजे, पण खेळणारा पळून नाही गेला पाहिजे. तेवढीच किळस शोधायलोय." नवऱ्याने मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, त्याला म्हणावं आरशात बघ.

दसऱ्याला नवऱ्याने त्याला खाली जेवायला बोलावलं. घरापासून लांब आहे पोरगं, म्हणून. तो स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला आणि जेवण्यापेक्षा इकडेतिकडेच जास्त बघत होता. मांडणीला किती फळ्या, पिंप निळंच का, खिडकीला लावलेला पडदा जुन्या साडीचा आहे का. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. मी पुरणपोळीवर तूप वाढलं. त्याने ते बोट फिरवून चाटलं, तेच बोट लुंगीला पुसलं, आणि म्हणाला, काकू, तुमच्या स्वयंपाकघरासारखं दुसरं नाही. मी लाजून आत वळले. त्या माणसाकडून आलेलं असलं तरी ते कौतुक मला गोड लागलं होतं. माझी मांडणी मी रोज उतरवून पुसायची. ताटं उतरत्या मापाने उभी, पितळेचे डबे चिंचेने घासलेले. गावात कोणाकडे पाहुणे यायचे असले की बायका येऊन माझी मांडणी बघून जायच्या.

पुढच्या आठवड्यात कठड्याला मोठा कागद लटकला. मी अंगणात होते आणि माझी धाकटी जाऊ दळण घेऊन निघाली होती. या वेळी मला सांगायची गरजच पडली नाही. जाऊबाई थांबली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अगं बया. ताई, ही तर तुमची मांडणी."

माझीच होती. उभी ताटं, निळं पिंप, साडीच्या किनारीचा पडदा, भिंतीचा अर्धा गुलाबी रंग. एवढ्याशा चौकोनांत त्याने सगळं आणलं होतं. आणि त्याच्यावर सांडलेली आमटी, मोरीत तुंबलेलं पाणी, भिंतीवर ती बुरशी, आणि ताटांच्या मधून बाहेर येणारं झुरळ. जाऊबाई हसता हसता दळणाच्या डब्यावर वाकली. माझ्या स्वच्छतेचं तिला आधीपासून वावडं होतं. तो वरून आनंदाने म्हणाला, "आलं ना ओळखू? कंपनीतपण आवडलंय सगळ्यांना."

गिरणीवर जाऊबाईने काय सांगायचं ते सांगितलंच. संध्याकाळी दोघीजणी साखर मागायच्या निमित्ताने आल्या आणि साखरेकडे न बघता फळ्यांच्या खाली बघत राहिल्या. एक म्हणाली, "तुमच्यात लई झुरळं झालीत म्हणं, व्हय?" दुसऱ्या दिवशी वरच्या एका मुलाने डबा नको सांगितला. कारण सांगितलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला त्याच्याशी. तो म्हणाला, अगं गेम हाय तो, त्यात काय, आपलं घर जगभर दिसंल. त्यालाच मजा वाटत होती. जगभर दिसेल, हीच तर माझी भीती होती. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं फोन हातात धरून माझ्या मांडणीवरून झुरळ पळवणार, आणि मी घासलेल्या ताटांकडे बघून नाक मुरडणार. पुरुषाचं नाव व्हायला पुष्कळ कारणं असतात. माझं नाव होतं ते त्या मांडणीवर होतं.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी नवरा शेतावर गेल्यावर डोक्यावर पदर घेऊन जिना चढले. दार उघडंच होतं. आतला वास असा, की मी उंबऱ्यावरच थांबले. दोरीवर मोजे, ते वाळून कडक झालेले. कपांवर कप, वरच्या कपात विडी विझवलेली. खाटेखाली नखं, कापून तिथेच टाकलेली. तो कॉम्प्युटरपुढे बसून पायाची कातडी सोलत होता. मला बघून गडबडला आणि सोललेलं हातातच राहिलं.

"माज्या घरात झुरळ न्हाई," मी म्हटलं. आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "ते तुमी आणलंय. ते हितं ऱ्हातं. तर हितलंच घर दाखवा त्याला."

तो म्हणाला, काकू, मी तर तुमचं कौतुक म्हणून काढलं, नीट लावलेलं घर चौकोनांत चांगलं बसतं. मग म्हणाला, कंपनीने मान्य केलंय, आता सगळं नव्याने करावं लागेल, सोमवारी दाखवायचं आहे, ते चिडले तर मला काढतील. तरी मी उभीच होते. त्याने इकडेतिकडे बघितलं. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच तो खोली बघत असावा. मोजे बघितले, कप बघितले, मग माझ्याकडे. मान खाली घालून म्हणाला, बरं.

त्याने ते केलं. भिंतीवरचे माझ्या स्वयंपाकघराचे कागद काढले, भाताच्या पापडीसकट, आणि फाडून टाकले. नवीन कागद त्याने या वेळी कठड्याला लटकवला नाही, कारण लटकवायची गरज नव्हती. खाट, दोरी, मोजे, कपांचा मनोरा, खाटेखालची नखंसुद्धा, एकेका चौकोनाची. घाण वेगळी घालावी लागली नाही, असं तो नवऱ्याला सांगत होता. सोमवारी कंपनीत ते चित्र पडद्यावर लावलं आणि त्याच्याकडे कधी राहायला आलेल्या पोरांनी ओरडून सांगितलं की ही तर याची खोली. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे हसले. गेम पास झाला. आणि त्या दिवसापासून कंपनीतही त्याचं आडनाव झुरळे झालं. ते सांगताना तो हसत होता, पण नीट हसत नव्हता. गिरणीवर गेल्यावर माझं जसं होई, तसं त्याचं तोंड झालं होतं.

डबा बंद केलेल्या मुलाचा डबा पुन्हा सुरू झाला. त्याला वरच्याच कोणीतरी खरं काय ते सांगितलं असणार. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्याला बंगळूरला नोकरी लागली. सामान बांधायला आई येणार म्हणून कळलं, तेव्हा तो खाली आला आणि दारात उभा राहून नखं खात राहिला. मीच झाडू, फिनेल आणि चुन्याची बादली घेऊन वर गेले. त्या दिवसाचं वर्णन मी करणार नाही. पंचा तोंडाला बांधून काम केलं, दोनदा बाहेर येऊन ओकले, आणि नंतर ते कपडे जाळून टाकले. भिंतींना चुना दिला. संध्याकाळी खोली अशी झाली की त्याने चप्पल बाहेर काढली.

आई मोठी टापटिपीची बाई. इरकल, कपाळावर ठसठशीत कुंकू, आल्या आल्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवून बघितलं आणि पोराकडे कौतुकाने पाहिलं. मी चहा घेऊन वर गेले होते. माझा नवरा तिथेच होता आणि त्याला राहवेना. म्हणाला, ताई, पोराने केलेला गेम बघितला का, आणि त्याच्याच हातातला फोन घेऊन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. बघता बघता त्यांनी ओठ मुडपले.

"कसलं घाण घर काढलंस रे हे," त्या म्हणाल्या. "कुणाचं हाय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं. परक्या माणसांसमोर मी नवऱ्याच्या आधी कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"कुणाचंबी न्हाई," मी म्हटलं. "मनानंच काढलंय. असल्या जागी कोण ऱ्हाईल?"

"तेच म्हणायले मी," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला. "आमचा बाळू असल्या घरात एक दिवस टिकायचा नाही."

मी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मलाही किळस आली. आलीच होती.